रद्दीतली पावणेदोन किलोची डिक्शनरी

आधीच सांगतो, या डिक्शनरीला कव्हर नव्हतं. पहिली बारा पानंही नव्हती. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका रद्दीच्या दुकानात काट्याशेजारी पालथी पडलेली, वर कुणीतरी चहाचा कप ठेवून गेलेलं. त्यामुळं कंपनी कुठली, आवृत्ती कितवी असलं मला विचारू नका. इंग्रजी-इंग्रजी आहे आणि शाळा-कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी केलेली आहे, एवढं आत बघून कळतं. दुकानदारानं काट्यावर टाकली, पावणेदोन किलो भरली. म्हणलं, रद्दीच्या भावानं दे की. तर म्हणतो, "भावा, ही डिक्शनरी हाय, रद्दी न्हाई. शंभर दे." दिले.

खरं सांगायचं तर घेतली ती शिलाई बघून. मंगळवार पेठेत माझं बायंडिंगचं दुकान आहे, पंचवीस वर्षं झाली. पुस्तक हातात आलं की मी आधी कणा बघतो, मग नाव. याचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्यानं शिवलेले होते, एकाचाही दोरा सुटलेला नाही. आता जाडजाड पुस्तकंसुद्धा कण्याला नुसता गरम गोंद लावून चिकटवतात. दोन उन्हाळे गेले की मधूनच पानांचा गठ्ठा हातात येतो, आणि गिऱ्हाईक माझ्याकडं येतं. डिक्शनरी म्हणजे दिवसातून दहादा उघडायची वस्तू, तिला शिलाईच पाहिजे.

दुसरं कारण थोरली. ती सातवीत आहे, मराठी माध्यम, पण सेमी. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. स्कॉलरशिपची परीक्षा पण द्यायचीय. त्यातल्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे पंचवीस प्रश्न, पन्नास गुण. माझ्या वेळेला इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. 2000 सालापासून ते पहिलीपासून आलं, म्हणून आम्हाला वाटायचं की या पोरांना शब्दांची काय अडचण असणार. अडचण आहे. स्पेलिंगं पाठ असतात, अर्थ पण पाठ असतो, आणि शब्द मात्र येत नसतो.

म्हणजे कसं, ते सांगतो. तिच्या दप्तरात एक खिशात मावणारी इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती. नाव घेत नाही, प्रत्येक दप्तरात असली एक असतीच. धड्यात ‘रिलक्टंट’ शब्द आला. तिनं काढला. अर्थ दिलेला: नाखूष, अनिच्छुक, पराङ्मुख. म्हणली, "पप्पा, पराङ्मुख म्हणजे काय?" मला काय माहीत? आईला विचारलं. आमची आई तिसरी शिकलेली, पण पोथी वाचती. ती म्हणली, "तोंड फिरवून बसलेला." बरोबर निघालं! पण एका इंग्रजी शब्दासाठी आम्हाला पोथीपर्यंत जायला लागलं. पोरीनं वहीत लिहिलं, ‘रिलक्टंट म्हणजे पराङ्मुख’. शाळेत त्यावर बरोबरची खूण पण मिळाली. आठ दिवसांनी विचारलं, तर दोन्ही शब्द गायब.

मग जाडीत, म्हणजे या रद्दीतल्या डिक्शनरीत, तोच शब्द काढला. तिथं सोप्या इंग्रजीत एक ओळ होती. तिचा मतलब असा, की एखादी गोष्ट करायची मनापासून इच्छा नसते, म्हणून माणूस ती करायला रेंगाळतो. खाली एक उदाहरणाचं वाक्य, आणि या शब्दाच्या पुढं ‘टू’ येतो हे ठळक अक्षरात. पोरगी थोडा वेळ बघत बसली आणि म्हणली, "म्हणजे आई भांडी घास म्हणली की मी!" त्या दिवसापासून तो शब्द तिला कधी विचारावा लागला नाही. भांडी अजून तशीच पडतात, ते सोडा.

असंच ‘बॉरो’ आणि ‘लेंड’चं. छोटीत, म्हणजे त्या खिशातल्या डिक्शनरीत, दोन्हीकडं ‘उसने’. एकात घेणे, एकात देणे, पण ते बारीक अक्षरात, पोरं वाचत नाहीत. मग पेन मागायचं असलं की वर्गात सर्रास ‘लेंड’च्या जागी ‘बॉरो’ ठोकून देतात. जाडीत शब्द कसा वापरायचा त्याचा साचाच दिलाय: कुणाला काहीतरी ‘लेंड’ करायचं, कुणा‘फ्रॉम’ काहीतरी ‘बॉरो’ करायचं. एकदा तो साचा बघितला की चूक करायला जागाच उरत नाही. मी स्वतः चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे नीट समजून घेतलं, लाज कशाला वाटून घ्यायची.

पण छोटी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. ‘क्युमिन’ काढा. जाडीत लिहिलंय की एका झाडाच्या वाळलेल्या बिया, मसाला म्हणून वापरतात. आता आमच्या मसाल्याच्या डब्यातल्या निम्म्या वस्तूंना हे लागू पडतं. धने, ओवा, बडीशेप, सगळ्याच बिया. छोटीत एकच शब्द: जिरे. काम झालं. तेव्हा ज्या वस्तूकडं बोट दाखवता येतं, तिच्यासाठी मराठी शब्द बघावा. मनातल्या गोष्टी, करायच्या गोष्टी, एकासारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी, यांच्यासाठी जाडी. हा नियम आमच्या घरात आता ठरून गेलाय.

गुळाची गंमत सांगायलाच पाहिजे. थोरलीनं एक दिवस ‘जॅगरी’ काढला आणि मोठ्यानं वाचला. ताडाच्या रसापासून केलेली तपकिरी साखर! उसाचा पत्ताच नाही. घरात सगळे हसायला लागले. ज्या कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याचं सरकारी मानांकन, मिळालं, त्या गावात बसून हे वाचायचं. ताडाचा गूळ असतो, ते मला माहीत आहे, पण आमच्या पोरांनी तो कधी बघितलाय? तिनं समासात पेन्सिलनं लिहून ठेवलंय, ‘ॲन्ड शुगरकेन’. मी खोडायला लावलं नाही. ‘हार्वेस्ट’चं मात्र लगेच जमलं. पीक कापून गोळा करणे असं वाचल्याबरोबर म्हणली, "म्हणजे आत्याकडची तोड." ऊसतोड चालू झाली की आत्याचं घर कसं होतं, ते तिनं दरवर्षी बघितलंय.

आता या डिक्शनरीचं खरं मर्म. ते मला माझ्या एका गिऱ्हाइकानं दाखवलं. निवृत्त शिक्षक आहेत, दर मार्चला जुनी मासिकं बांधायला घेऊन येतात. टेबलावर ही पडलेली बघून त्यांनी सरळ शेवटची पानं उघडली. तिथं बारीक टायपात शब्दांची एक यादी आहे, साधारण दोन हजार शब्द. मला वाटलेलं काहीतरी परिशिष्ट असेल. सर म्हणाले, या अख्ख्या जाड पुस्तकातले सगळे अर्थ एवढ्याच शब्दांत सांगितलेत. हे दोन हजार आले की उरलेलं पुस्तक आपोआप उघडतं.

मी म्हणलं, सर, ही युक्ती कुणाची? तर त्यांनी अर्धा तास सांगितलं, मी खळ ढवळत ऐकलं. मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज, इथल्या शिक्षण खात्यात, ढाक्याला. बंगाली पोरांची इंग्रजी वाचनाची पुस्तकं बघून त्याच्या लक्षात आलं की पानापानावर नवीन शब्द येतात, तेही क्वचित लागणारे, आणि पुढं परत भेटतच नाहीत. मग त्यानं शब्द मोजून धडे लिहायला घेतले. 1935 साली त्यानं एक डिक्शनरी काढली. तिच्यात चोवीस हजारांच्या आसपास शब्द आणि वाक्प्रचार समजावलेले, आणि समजावायला वापरलेले शब्द फक्त 1490. पुढं 1953 साली त्याची दोनेक हजार नेहमीच्या शब्दांची यादी आली. 1978 साली लॉन्गमननं शिकणाऱ्यांसाठी डिक्शनरी काढली तेव्हा दोन हजार शब्दांच्या आतच अर्थ सांगायचे असं बंधन घालून घेतलं. हॉर्नबी म्हणून दुसरा एक होता, तो जपानात शिकवायचा. त्याची डिक्शनरी 1942 साली टोकियोत निघाली आणि 1948 साली ऑक्सफर्डनं ती आपल्याकडं घेतली. शब्दाचा साचा द्यायचा, ‘बॉरो’च्या पुढं काय येतं ते सांगायचं, ही खोड त्याची.

बंगालच्या शाळेतल्या पोरांचं दुखणं बघून निघालेलं औषध शंभर वर्षांनी माझ्या टेबलावर रद्दीतून यावं, मला याचं नवल वाटलं. सरांना बिलात वीस रुपये सोडले. घेत नव्हते.

मोल्सवर्थ साहेबाच्या जुन्या डिक्शनरीचं पुनर्मुद्रण मी एकदा एका गिऱ्हाइकासाठी बांधलं होतं. ते उलटं, मराठी शब्द इंग्रजीत समजावणारं, पहिलं 1831 सालचं आणि 1857 साली वाढवलेलं. बांधताना पानं वाचायची मला खोड. तिथंही त्या साहेबानं एका शब्दासमोर एक शब्द ठेवून हात झटकलेले नाहीत, चारचार ओळी लिहिल्यात. ज्याला भाषा परकी आहे त्याला काय काय सांगायला लागतं, ते त्याला बाहेरून आल्यामुळं बरोबर कळलं असणार.

पण पहिले पंधरा दिवस हाल झाले, ते लपवत नाही. दोन हजार शब्द आले की सगळं सोपं, हे खरं. आमच्या पोरीला ते दोन हजार कुठं येत होते? एक शब्द काढायचा, त्याच्या अर्थात दोन अडायचे, ते काढायचे, त्यात आणखी एक. ‘हार्वेस्ट’वरून ‘गॅदर’, ‘गॅदर’वरून आणखी कुठं. एका संध्याकाळी तिनं डिक्शनरी मिटली आणि रडली. बायको मला म्हणली, तुमच्या शंभर रुपयांपायी पोरीला कशाला छळताय.

मग मी शेवटची यादी तिच्यापुढं ठेवली आणि पेन्सिल दिली. येतात त्यांवर खूण कर. दोन रविवार लागले. अकराशेच्या वर खुणा झाल्या. राहिले नऊशेच्या आत. गंमत म्हणजे अडलेले शब्द मोठे नव्हतेच. ‘अनलेस’, ‘ऑलदो’, ‘देअरफोर’, ‘रादर’ असले बारके, वाक्याला बिजागरीसारखे. बिजागरी निखळली की दार कितीही भारी असू दे, लागत नाही. हे राहिलेले रोज दहा, छोट्या डिक्शनरीतून मराठी अर्थ बघून, मग जाडीतलं वाक्य वाचून. जूनला सुरू केलं, गणपतीच्या सुट्टीपर्यंत निम्म्याच्या पुढं गेलो. तिथून पुढं रडणं थांबलं. तुमच्या मुलाला अशी डिक्शनरी घेणार असाल तर पहिल्या दिवशी मागची यादी उघडा, हे माझं सांगणं. यादी नसलेली असेल तर सातवीच्या पोराला घेऊ नका.

आणखी एक घोळ. तिला गोष्टीत ‘वेप्ट’ दिसला, तो ‘डब्ल्यू-ई-पी-टी’ शोधत बसली. "पप्पा, मी सगळं पान बघितलो, सापडलंच नाही." (आमच्याकडं पोरी असंच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं, येऊ दे.) ‘वीप’खाली तो सापडला. शब्दाचं मूळ रूप काय असेल ते आधी ओळखायला लागतं, आणि हे शाळेत कुणी शिकवत नाही. पानाच्या माथ्यावर पहिला आणि शेवटचा शब्द दिलेला असतो, तेही तिला माहीत नव्हतं. आता तीन मिनिटांच्या जागी वीस सेकंद लागतात, मी मोबाइलवर वेळ लावून बघितलंय.

उच्चाराची चिन्हं मला पहिल्यांदा पोस्टाच्या तारेसारखी वाटली. त्यातला एक उलटा ‘ई’ जिकडंतिकडं दिसतो. सरांनी सांगितलं, तो म्हणजे आपला साधा ‘अ’ समज, फार जोर न देता म्हणायचा. ‘अबाउट’मधला पहिला. एवढं एक चिन्ह कळल्यावर निम्मी चिन्हं ओळखीची झाली. ‘रिसीट’मधला ‘पी’ मुका असतो, हे मी बिलबुकं बांधून आयुष्य काढलं तरी आत्ता कळलं.

मोबाइल ॲप का नाही, असं सगळे विचारतात. वापरून बघितलं. फुकटचं होतं, दर दोन शब्दांनी जाहिरात, आणि जाहिरात बंद करता करता पोरगी रीलवर. शिवाय तिथं टाइप केलेला शब्द तेवढाच दिसतो. कागदावर ‘रिलक्टंट’ शोधताना शेजारी ‘रिलाय’ दिसला, त्याच्या खाली ‘रिमेन’. ‘रिलाय’च्या पुढं ‘ऑन’ येतो, ते तिनं जाता जाता उचललं. उच्चार ऐकायला मात्र मोबाइलच बरा, तो आम्ही तेवढ्यापुरता घेतो.

कटिंगमध्ये उरलेल्या कागदाची मी तिला एक वही शिवून दिलीय. पान उभं, निम्म्या ए-फोरएवढं. नियम एक: पुस्तकातला अर्थ उतरवायचा नाही. स्वतःच्या इंग्रजीत लिहायचा आणि घरातलं माणूस घेऊन एक वाक्य करायचं. ‘आज्जी इज रिलक्टंट टू गो टू द डॉक्टर.’ ‘पप्पा नेव्हर लेंड्स हिज सिझर्स.’ हे दुसरं खरंय, माझ्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही. आत्तापर्यंत 214 शब्द झालेत. परवा मी त्यातले चाळीस मधूनमधून विचारले, एकतीस आले. चुकलेल्या नवात सहा असे निघाले, ज्यांच्या वाक्यात घरातलं कुणी नव्हतं. नुसतं पुस्तकातलं वाक्य फिरवून लिहिलेलं.

माझा स्वतःचा शब्दही काढून बघितला. ‘सिग्नेचर’. आमच्या धंद्यात इंग्रजीत घडी घातलेल्या फर्म्याला सिग्नेचर म्हणतात. डिक्शनरीत सही सापडली, फर्मा नाही. पोरगी म्हणली, चुकीची आहे. चुकीची नाही गं, शिकणाऱ्याला जे रोज लागतं तेच ठेवलंय, बाकी गाळलंय. मग आम्ही वहीत फर्मा लिहिला, तो शब्द आमच्या घरात रोज लागतो.

आता बांधणी, कारण त्याशिवाय मला चैन पडणार नाही. शिलाई धड होती, बाकी काही नव्हतं. जुना गोंद खरवडला, कण्याला जाळीचं कापड लावलं, मैद्याची खळ मोरचूद घालून शिजवली, नवा पुठ्ठा, वर शेवाळी रेक्झिन. रात्रभर दाबात ठेवली. कागद बायबल पेपर, म्हणजे अगदी पातळ, पलीकडची अक्षरं थोडी दिसतात, आणि घाम आलेला हात लागला की पान चिकटतं. बाहेरच्या कडेला मी अक्षरांप्रमाणं स्केचपेननं रंगीत पट्टे ओढलेत. त्यावरनं एक गोष्ट दिसली. ‘एस’ एकटाच बोटभर जाड आहे, आणि ‘एक्स’ शोधायला गेलं की ‘डब्ल्यू’वरनं थेट ‘वाय’वर जाऊन पडतो.

टाइप फार बारीक. आईचं पोथीचं भिंग आता डिक्शनरीतच असतं, आणि ते शोधत ती घरभर फिरते. पावणेदोन किलो दप्तरात घालता येत नाही, म्हणून शाळेत तीच छोटी जाते, आणि शाळेत तोच पराङ्मुख. तारे द्यायचेच तर पाचपैकी चार. टाइपासाठी एक कापला, गुळासाठी पण कापणार होतो.

काल रद्दीवाल्याचा फोन आलेला. तसलीच आणखी एक आलीय म्हणतो, या वेळी कव्हरसकट, फक्त ‘सी’तली चार पानं कुणीतरी फाडून नेलीत. दीडशे सांगतोय. भाची यंदा सहावीत गेलीय. संध्याकाळी दुकान बंद करून जातो, शिलाई असली तर घेतो.